वारा आहे, कुस्ती चालू!

आखाड्यात कोणी उताणा पडला की पुण्यातला एकूण एक माणूस जागच्या जागी उडायचा. रखमाजीबाबा तेवढे खाली पडायचे. पोटावर, सपाट, उजवा गाल लाल मातीला टेकवून. मग एक डोळा मिटायचा, बोटाला गुंडाळलेला रेशमी दोरा सुटायचा आणि पडलेल्या पैलवानाच्या खांद्याखालून तो सरकवायला ते सुरुवात करायचे. दोरा पलीकडून निघाला की तोंडातली माती थुंकत ओरडायचे, "वारा आहे! कुस्ती चालू!" नाही निघाला, तर उठून धोतर झटकत नुसतं म्हणायचे, "बंद."

हे आमच्या कसब्याच्या तालमीचे पंच. दोरा निघेतोवर इकडे आमची काय दशा होत असेल! हलगीवाल्याचा हात वर गेलेला, तो तिथेच अडकायचा. फेटे उडवायला हातात घेतलेले, ते पुन्हा डोक्यावर ठेवावेत की कसं, हे कळायचं नाही. शेजारचा विचारायचा, "ओरडू का?" आपण म्हणायचं, "थांबा, दोरा अजून आत आहे." अशा ओरडण्यात काय राम!

मी आमच्या सरकारांच्या पदरी कारकून. सरकारांचं नाव लिहीत नाही, कारण अजून त्यांच्याच घरचं जेवतो. कुस्तीशी माझा संबंध एवढाच, की तालमीचा खर्च सरकारांचा आणि तालमीची घटका मोजायचं काम माझं. बाकी माझ्या अंगात मांस असं ते फक्त जिभेवर.

बाबांचा धंदा पटवेकऱ्याचा. दागिने रेशमात ओवून द्यायचे, गोंडे करायचे. पण धंद्याहून त्यांचं सारं लक्ष फटींवर. रांजणावरचं झाकण नीट बसलंय का, दोरा. पाटाचा पाय टेकलाय का, दोरा. एकदा मी तापाने पडलो होतो. समाचाराला आले, तोंडाने एक शब्द नाही, माझ्या पाठीखालून दोरा घातला आणि आमच्या मंडळींना म्हणाले, "वारा आहे. उठतील." दुसऱ्या दिवशी मी उठलो. तेव्हापासून आमच्या घरात वैद्यांना मान उरला नाही.

आणि तांबट आळीतली ती गोष्ट. भर दुपारी, डोक्यावर नवं घंगाळ घेऊन मी ओल्या फरशीवरून असा घसरलो, की घंगाळ पुढे आणि मी उताणा. लोक धावले. सर्वांत पुढे बाबा. मला वाटलं, हात देतायत.

"पंत, हलू नका."

"अहो बाबा, हात द्या!"

"हात मागाहून." ते आडवे झाले, डोळा मिटला, दोरा सरकला. "डावा खांदा टेकलेला नाही. तुम्ही पडलेला नाहीत."

"मग मी काय करतोय?"

"कुस्ती."

तांबट आळीतली ठोकाठोक मी जन्मात एकदाच थांबलेली ऐकली, ती तेव्हा. सगळ्यांनी हसण्यासाठी हातोड्या खाली ठेवल्या होत्या.

तो दोराही पाहण्यासारखा. दुकानात रेशमाच्या लडी टांगलेल्या, आणि यांच्या बोटाला विटलेला, दोन ठिकाणी गाठ मारलेला धागा. मी एकदा म्हणालो, "बाबा, नवा घ्या की. पैलवानांना तुमचा दोरा बघून कीव येते." ते म्हणाले, "चालतोय." आणि बोटाला आणखी एक वेढा दिला.

तरुणपणी यांनी कात्रजच्या भिवबाला चीत करून जरीचा मंदील मिळवला होता, असं सारी पेठ सांगे. ते स्वतः कधी सांगत नसत. डोक्याला कायम एक जाडंभरडं मुंडासं. मंदील कुठे आहे विचारलं, तर दुसऱ्याच्या गळ्यातली पोत ओवू लागत.

तर एका वर्षी एक जोड दुपारी लागली आणि दिवेलागणीपर्यंत सुटेना. बाबांनी चार वेळा "वारा आहे" केलं. चौथ्या वेळी सरकारांनी एवढी मोठी जांभई दिली, की समोरच्या लोकांना वाटलं, काही हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं.

"पंत, ह्या कुस्तीला काही आवर घाला. तुम्ही शहाणे आहात."

शहाणे आहात म्हटलं की मी काहीही करतो. दोन दिवस बसून मी नियम लिहिले. पहिला, कुस्ती दोन घटकांची. बुडाशी भोक असलेलं घटिकापात्र पाण्यात दुसऱ्यांदा बुडालं की मी थाळी वाजवायची. दुसरा, कोणी समोरच्याला गुडघ्यावर आणलं की आणणाऱ्याच्या वाटीत एक चिंचोका. दोन घटकांत कोणी चीत झाला नाही, तर ज्याचे चिंचोके जास्त तो जिंकला. तिसरा, पंचाने दोरा घालू नये. चार लोकांना पाठ टेकलेली दिसली म्हणजे टेकली. सरकार खूष. मला वाटलं, आता चौकाचौकांत माझं नाव निघेल. निघालं. कसं निघालं, ते बोलायला बरं नाही.

कारण पहिल्या दिवसापासून पैलवानांनी कुस्ती सोडली आणि हिशेबी पळापळ धरली. सलामी झाली की झडप घालून एकदा समोरच्याचा गुडघा टेकवायचा, आणि मग उरलेला वेळ लाल मातीच्या हौद्याभोवती फेऱ्या. पुढचा पळतोय, मागचा हात पसरून. लोकांची नजर पैलवानांवर नाहीच, वाट्यांवर. मागून कोणी ओरडायचं, "पंत, चिंचोकेच लढवा की एकमेकांवर! माणसांना कशाला दमवता?"

अशातच सरकारांनी मोहिमेवर निघण्याआधीची मोठी कुस्ती नेमली. आमचा खंडू आणि कात्रजचा राणू. राणू म्हणजे भिवबाचा शागीर्द. बक्षीस जरीचा मंदील.

नेमणूक कळली त्या संध्याकाळी रखमाजीबाबा माझ्या ओट्यावर आले. बसले, उठले, पुन्हा बसले. दोरा बोटावर गुंडाळत, सोडत.

"पंत, त्या दिवसापुरता दोरा असू द्या."

"का हो? भिवबाच्या शागिर्दालाही चीत बघायचंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचा विनोद गिळला. "पंत, गर्दी सगळी पुण्याची. कात्रजची माणसं मूठभर. आपल्या माणसांना दुसऱ्याची पाठ लवकर टेकलेली दिसते. एका दिवसापुरतं सरकारांना सांगा."

मी सरकारांना सांगितलं नाही. आपणच लिहिलेलं कलम आपणच खोडायचं, तर शहाणे कसले! बाबांना म्हणालो, "सरकार नाही म्हणाले." माझ्या खोट्यांची यादी केली तर हे वरच्या पाचांत येईल.

कुस्तीच्या दिवशी नदीकाठचा आखाडा माणसांनी भरून वाहत होता. कात्रजची वीस-पंचवीस माणसं एका कोपऱ्यात दाटून बसलेली. त्यांच्यात एक पांढऱ्या मिशांचा, रुंद खांद्यांचा म्हातारा. तो भिवबा, असं मला कोणीतरी दाखवलं. तीस वर्षांत पुण्याच्या आखाड्याला पहिल्यांदा आला होता. रखमाजीबाबा पंच नव्हतेच, ते गर्दीत पहिल्या रांगेत बसले होते. बसले होते म्हणजे काय, दर पळाला अर्धे उठत होते.

मी माझं पाण्याचं भांडं आणि तांब्याचं घटिकापात्र घेऊन हौद्याच्या अगदी कडेला बसलो. जवळून बघावं म्हणून. शहाणपण!

हलगी वाजली. खंडूने सलामीचा हात सुटण्याआधीच राणूला खेचलं, राणूचा गुडघा टेकला, खंडूच्या वाटीत चिंचोका पडला. आणि आमचा कसब्याचा वाघ पळू लागला. पहिली घटका बुडाली, मी पात्र उपसलं. दुसरी सोडली. खंडू पळतच होता. आधी आमची माणसं हसली, मग गप्प झाली, मग त्यांनाच लाज वाटू लागली. "खंड्या, लढ की रे!" "आरशात तोंड कसं बघशील?" खंडू माझ्यासमोरून जाताना दर फेरीला विचारी, "पंत, झाली का?" मी म्हणे, "होतेय."

होत नव्हती. किती तरी वेळ झाला, पात्र आपलं तरंगतंय. मी वाकून पाहिलं. पैलवानांच्या पायांनी उडालेल्या लाल मातीचा खडा पात्राच्या बारीक भोकात घट्ट बसला होता. पाण्याचा थेंब आत येत नव्हता.

सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? की शहाण्याची घटका मातीने बुजली? मी गप्प बसलो आणि पात्राकडे असं पाहत राहिलो, जसा काही त्याचाच अपराध आहे.

"पंत, झाली का?"

"होतेय, होतेय!"

आता खंडूचा श्वास भात्यासारखा वाजू लागला. राणूने त्याला गाठलं, कमरेला मिठी घातली. दमलेल्या खंडूने जीव खाऊन उलटी टांग मारली आणि राणू पाठीवर गेला, वर खंडू. साऱ्या पुण्याने आभाळ फाडलं. "चीत! चीत!" फेटे उडाले. सरकारांनी मंदिलाच्या तबकाकडे हात केला.

आणि रखमाजीबाबा हौद्यात होते. केव्हा गेले, कोणी पाहिलं नाही. पोटावर, गाल मातीला.

"काढा त्यांना!" कोणी ओरडलं. पण काढायला कोणी पुढे झालं नाही. उलट आवाज हळूहळू बसत गेला. इतकी वर्षं मी त्या दोऱ्याला शिव्या घातल्या होत्या, आणि त्या दिवशी मला कळलं, की दोरा सरकताना जशी सगळी माणसं श्वास धरतात, तसा श्वास चिंचोक्यापायी कधी धरला गेला नाही. मीही धरला होता.

दोरा पलीकडून निघाला.

"वारा आहे! कुस्ती चालू!"

सरकार भडकले. "रखमाजी! दोरा बंद आहे ना? आणि पंत, घटका झाली नाही अजून?"

हजारो डोळे माझ्यावर. मी पात्राकडे पाहिलं. "तरंगतेय, सरकार." खरं तेच बोललो. इतकं खोटं खरं मी पुन्हा कधी बोललो नाही.

तेवढ्यात राणू खालून मासळीसारखा निसटला. खंडूला बाजू बदलायला श्वासच उरला नव्हता. राणूने त्याला उचलून असा आपटला, की माझ्या भांड्यातलं पाणी हललं. बाबांनी आडवं होऊन दोरा लावला. गेला नाही. पुन्हा लावला. नाही.

"बंद," ते म्हणाले, आणि धोतर झटकलं.

सरकारांनी, राग गिळून का होईना, मंदील राणूच्या डोक्याला बांधला. कात्रजची वीस माणसं दोनशेंसारखी ओरडली.

मी घाईघाईने भांडं उचलत होतो, तोच बाबा समोर. केसभर फट दिसणाऱ्या माणसापासून काय लपणार! त्यांनी पात्र उचललं, भोक उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला.

"पंत, ह्याला वारा नाही."

मी थाळी उचलायला वाकलो.

"सरकारांना सांगा."

"बाबा, माझी चाकरी जाईल!"

"जाईल कदाचित," ते म्हणाले आणि माझं कोपर धरलं. पैलवानाची पकड, म्हातारी झाली तरी काय झालं. मी स्वतःहून कबूल झालो असं पुढे सांगत फिरलो, पण खरं हे की मला ओढत नेलं होतं.

मी सरकारांना सगळं सांगितलं. त्यांनी खंडूला बोलावलं. "खंडू, घटका कधीच झाली होती. चिंचोका तुझा. मंदील तुझा होतो. बोल, काय करू?"

खंडूने पाठ फिरवली. मानेपासून कमरेपर्यंत लाल माती. "सरकार, ही चिंचोक्याने पुसून देता का?" म्हणाला, आणि नदीवर अंघोळीला गेला.

माझी चाकरी राहिली. माझी तिन्ही कलमं मात्र त्याच संध्याकाळी गेली.

परत आलो तर आखाडा रिकामा होत आला होता. बाबा हौद्याच्या कडेला बसून दोरा सोडत होते, गुंडाळत होते. "सांगितलंत?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी दोरा बोटाला गुंडाळून टाकला. मग एकदम उठले आणि पलीकडच्या कोपऱ्याकडे चालू लागले. भिवबा अजून तिथेच होता, पायांत वहाणा सारत. चौकशीखोर स्वभाव माझा, मी पात्र पुसतोय असं दाखवत मागे गेलो.

बाबांनी अंगरख्यातून एक घडी काढली. जुना मंदील. जरतार तशीच चमकत होती, कधी वापरलाच नव्हता. एका पदरात मात्र एक धागा ओढून काढल्याची रेघ होती, आणि रेघेशेजारच्या रेशमाचा रंग, विटलेला का होईना, मी रोज बाबांच्या बोटाला पाहत होतो.

"भिवबा," ते म्हणाले. "त्या दिवशी... लोक ओरडले, पंचाने हात वर केला, आणि मी गप्प बसलो. तुझ्या पाठीखाली वारा होता."

भिवबाने वहाण खाली ठेवली. "ठावं हाय मला," तो म्हणाला. "पाठ माझी व्हती."

बाबा तसेच उभे. मंदील पुढे धरलेला. भिवबाने त्याला हात लावला नाही.

"तीस वरसं ह्योच दोरा घालून बघतुयास व्हय, येड्या?"

बाबांनी मान हलवली.

"मग वारा व्हता म्हनतुस, तर काय म्हनायचं असतं तुझ्या त्या पंचगिरीत?"

बाबांना ते उमगायला वेळ लागला. मग ओठ हलले, अगदी हळू. "कुस्ती चालू."

"हां!" म्हाताऱ्याने मांडीवर शड्डू ठोकला. आवाज काही मोठा निघाला नाही. दोघे वाकत, गुडघे सांभाळत हौद्यात उतरले. सलामीचा हात दिला, एकमेकांच्या मानेवर हात टाकले, कपाळाला कपाळ लावलं. आणि तसेच उभे राहिले. कोणी ओढीना, कोणी सोडीना.

मी भांडं पुन्हा कडेला ठेवलं आणि घटिकापात्र पाण्यावर सोडलं.

भोकातली माती मी काढली नव्हती.