कान लावू गोष्टींसाठी

"एका जरी पोराचा हात एका जरी चित्राला लागला, तर मुलांची फेरी बंद. आजच्या आज, कायमची!" कलादालनाच्या साहेबांनी फर्मान सोडलं आणि ते चहा प्यायला आपल्या खोलीत निघून गेले.

कलादालनात ताई पाहुण्यांना चित्रं समजावून सांगायची, पण तिचा जीव अडकला होता तो या फेरीत. लहानग्यांनी चित्रांच्या रानात मनसोक्त हुंदडावं म्हणून तिने साहेबांच्या किती विनवण्या केल्या होत्या! आज कुठे पहिल्या फेरीला होकार मिळाला होता, आणि पोरांचा थवा किलबिलत जिना चढून वर येतही होता.

ताईने पदर खोचला. तिच्याकडे तयारी होती.

"चला, म्हणा बघू माझ्यामागे!

हात पाठी, बोटांच्या गाठी,
डोळे लावू रंगांसाठी,
कान लावू गोष्टींसाठी!"

पोरांनी ओळी अशा काही उचलल्या, की छताचे दिवे हलले.

"चित्र गोष्ट सांगतं?" एका पोराने विचारलं. त्याच्या शंका संपत नसत, म्हणून सगळे त्याला शंकोबाच म्हणत.

"सांगतं तर! नीट कान लावला की ऐकू येते."

"मोठ्यांदा सांगतं की हळू?"

"अगदी हळू," ताई म्हणाली, आणि तिथेच फसली.

पहिलं दालन कसं फुलासारखं पार पडलं. रुसलेल्या राणीपुढे सगळी रुसली, नाचणाऱ्या घोड्यापुढे सगळी टपटप नाचली, पण पाठीमागच्या बोटांची गाठ काही कुणाची सुटली नाही. पहारेकरी काकांनी तर तोंडात बोट घातलं. "गुणाची आहेत हो लेकरं! मोठी माणसं येतात ना, त्यांना फार खाज बोटांना."

दुसऱ्या दालनात समुद्र होता. भिंतभर निळा, काचेमागे उसळणारा, मधोमध एक इवलीशी होडी.

"आई गं, केवढं पाणी!" सगळ्यांत छोटी चिमी पुटपुटली.

ताईला भरून आलं. "आता कान लावा हं," ती हळूच म्हणाली आणि एकाच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

चित्राला काही टेकलं की वाजणारा भोंगा केकाटला.

ताईने मान वर केली. सगळी पोरं ओळीने उभी, हात पाठीमागे घट्ट, माना लांब, आणि डझनभर कान समुद्राला चिकटलेले!

पहारेकरी काका शिट्टी फुंकत धावले. शेजारच्या दालनातल्या लोकांना वाटलं, आग लागली. एक काकू ओरडल्या, त्या ऐकून बाकीचेही ओरडले, आणि जिन्यावर ही झुंबड उडाली! त्या लोंढ्यातून उलटे पोहत साहेब आले. शर्टावर अख्खा चहा सांडलेला.

"कोणी लावला हात?"

"कुण्णीच नाही!" शंकोबाने गर्रकन वळून पाठीमागची गाठ दाखवली. "आम्ही कान लावला. ताईनेच सांगितलं!"

साहेबांनी ताईकडे पाहिलं. ताईने जमिनीकडे पाहिलं.

"ताई, तुमची ही फेरी—"

"शूऽऽ!" चिमीचा कान अजून काचेलाच होता. काकांनी भोंगा नुकताच बंद केला होता. "पाणी वाजतंय. टप... टप..."

"बाळ, चित्रातलं पाणी वाजत नसतं."

"तुम्ही कान कुठे लावलात?"

"साहेब, एकदा ऐका ना," ताई काकुळतीला आली. "पोर खोटं कशाला बोलेल?"

विषय एकदाचा संपवावा म्हणून साहेब वाकले.

"हात पाठी!" पोरं एका सुरात ओरडली.

साहेबांनी मुकाट्याने हात पाठीमागे बांधले आणि कान टेकवला. भोंगा पुन्हा केकाटला. काकांनी सवयीने शिट्टी फुंकली आणि सवयीनेच कानाच्या मालकाची कॉलर धरली.

"अहो सोडा, मी आहे मी! बंद करा तो भोंगा!" साहेबांनी पुन्हा कान लावला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "टप... टप... अरे, भिंतीत पाणी आहे! उतरवा! आधी चित्र उतरवा!"

मग काय विचारता! कोणी शिडी आणली, कोणी चादर, कोणी नुसताच आरडाओरडा केला. पोरं "हळू रे, हळू रे" म्हणत नाचत होती. चित्र खाली आलं आणि मागची भिंत दिसली, भिजून काळीठिक्कर. वरच्या मजल्याचा नळ फुटला होता. ओल चौकटीच्या काठाशी पोचली होती. समुद्र थोडक्यात बुडता बुडता वाचला!

शेजारच्या खोलीत मोठ्या टेबलावर मऊ चादर घालून समुद्राला आडवं केलं. पोरं टाचा उचलून आत आली आणि टेबलाभोवती उभी राहिली. साहेब मान खाली घालून होडीकडे बघत होते.

ताईला राहवेना. "साहेब, मग फेरीचं काय? बंदच का?"

"हळू बोला हो!" साहेब कुजबुजले. "चित्र झोपलंय."

"कोण म्हणालं?"

साहेबांनी डोळ्यांनीच चिमीकडे दाखवलं. "पुढच्या रविवारपर्यंत उठेल म्हणते. तेव्हा आणा सगळ्यांना. मला त्या होडीचं पुढे काय झालं ते विचारायचंय."