वर्लिन स्टॉकर्डची काटकसरी रायफल

गृहस्थाचं आद्य कर्तव्य म्हणजे घराचं रक्षण करणं, आणि दुसरं कर्तव्य म्हणजे ते परवडेल अशा बेतानं करणं. पहिल्यात कुचराई करणाऱ्याला गाव बेजबाबदार म्हणतं. दुसऱ्यात करणाऱ्याला बायको काय म्हणते ते लिहिण्याची सोय नाही. ही दोन्ही कर्तव्यं एकाच खरेदीत पार पाडणारे महाभाग विरळाच. त्यांतला एक माझा शेजारी आहे, हे मी अभिमानानं नमूद करतो. (नमूद करणं ही माझी सवय आहे. मी गावच्या पाणीपुरवठा मंडळाचा चिटणीस आहे.)

वर्लिन स्टॉकर्ड शाळेची बस चालवून निवृत्त झाला. बस उतारावर न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणारा मिझुरी राज्यातला तो एकमेव चालक असावा. भेटवस्तूंवरचे रंगीत कागद तो इस्त्री करून ठेवतो. कॉफीचा चोथा दुसऱ्यांदा उकळतो आणि तिसऱ्यांदा टोमॅटोच्या वाफ्यात घालतो. त्याची बायको नडीन म्हणते, की लग्नात पाद्रीबुवांनी 'मरेपर्यंत' म्हटल्यावर वर्लिननं आधी विचारलं होतं, की मधे काही सूट मिळते का.

आमचं मॉस क्रीक हे गाव सुरक्षिततेच्या बाबतीत फार मागासलेलं होतं. स्वयंपाकघराचं दार लावायची पद्धत नव्हती. चोरीची शेवटची नोंद एका भोपळ्याची. त्या प्रकरणाचा कसून तपास झाला आणि संशयित हरीण निघालं. असल्या परिस्थितीत माणूस गाफील राहतो, आणि गाफील माणसाला जागं करण्यासाठी देवानं मेहुणे निर्माण केले आहेत.

नडीनचा भाऊ लॉनी एका रविवारी अंगणात मक्याचं कणीस खात बसला होता. खाताखाताच त्यानं विचारलं, "तुझ्याकडे संरक्षणाला आहे काय, वर्लिन?"

"आजोबांची बंदूक आहे की."

"ती खारींसाठी. खार आली तर ठीक आहे. माणूस आला तर?"

"कोणता माणूस?"

"कोणता ते आधी कळत असतं तर बंदूक कशाला लागली असती?"

यावर वर्लिननं माझ्याकडे पाहिलं. मी लोणचं वाढून घेतलं. लॉनीनं पुढे नदीपलीकडच्या गावात काय काय चाललंय ते सांगितलं. (नदीपलीकडे माझी बहीण राहते. तिथले लोक आमच्या गावाबद्दल हेच सांगतात, आणि तेही रायफली घेतायत. नदीला अजून कुणी काही विचारलेलं नाही.)

"सेमी-ऑटोमॅटिक घे," लॉनी म्हणाला. "चाप ओढलास की गोळी सुटते आणि पुढची आपोआप जागेवर येऊन बसते. तुला काही करावं लागत नाही."

"म्हणजे मेहनत वाचते," वर्लिन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत चमक आली. काहीही वाचतं म्हटलं की ती येते.

"विचार करायचा वेळपण वाचतो," नडीन म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

हर्शेल पूलचं दुकान गावाच्या टोकाला आहे. पुढच्या भागात मासेमारीची गांडुळं आणि मागच्या भागात रायफली. गांडुळं विकत घ्यायला गेलेला माणूस रायफल घेऊन येतो. उलट कधी घडल्याचं ऐकिवात नाही. वर्लिननं सोबतीला मला नेलं, कारण कुठलीही वस्तू घेताना भाव पाडायला साक्षीदार लागतो असं त्याचं मत आहे.

"स्वस्तातली दाखव," वर्लिन म्हणाला.

हर्शेलनं दुखावल्यासारखं पाहिलं. "स्वस्तातली नसते, वर्लिन. सुरुवातीची असते."

सुरुवातीच्या रायफली भिंतीवर ओळीनं टांगलेल्या होत्या. हर्शेलनं एकेकीचे गुण सांगितले. ही चिखलात पडली तरी चालते. ही पाण्यात बुडाली तरी चालते. ही ट्रकखाली गेली तरी चालते. वर्लिनला आपल्या बैठकीच्या खोलीत ट्रक कसा शिरेल हे नीट डोळ्यांपुढे आणता येईना, पण तशी वेळ आलीच तर निदान रायफल शाबूत राहील, हा विचार त्याला पटला. अखेर त्यानं सगळ्यांत कमी किमतीची निवडली. ती किंचित डावीकडे मारते, हे हर्शेलनं प्रामाणिकपणे सांगितलं. चोर किंचित डावीकडे उभा राहील अशी तजवीज करायला लागेल, असं वर्लिननं मनाशी ठरवलं.

"आता बाकीचं बघू," हर्शेल म्हणाला.

"बाकीचं काय?"

"अरे, नुसती रायफल नेणार? म्हणजे नवरदेव मिळाला, आता कपडे कशाला, असं झालं."

मग नवरदेवाचे कपडे निघाले. दुर्बीण, दुर्बीण बसवायची पट्टी, खांद्याचा पट्टा, नळी पुसायचं तेल, तेल पुसायचं फडकं, कानांवरच्या वाट्या, डोळ्यांवरचा चष्मा, गोळ्या, आणि गोळ्या दमट होऊ नयेत म्हणून डबा. शेवटी तिजोरी आली, कारण रायफल उघड्यावर ठेवणं बेजबाबदारपणाचं असतं. एकूण खरेदीत सगळ्यांत स्वस्त वस्तू रायफलच ठरली. वर्लिनला या गोष्टीचा फार अभिमान वाटला. "बघ," तो मला म्हणाला, "रायफलीत मी एक पैसा जास्त दिला नाही."

हर्शेलनं खूश होऊन त्याला दाराच्या काचेवर लावायचा एक कागद फुकट दिला. 'या घरात शस्त्र आहे' असं त्यावर लाल अक्षरांत छापलं होतं. फुकट म्हटल्यावर वर्लिननं दोन मागून घेतले आणि दुसरा टपालपेटीला चिकटवला. घरात चोरण्याजोगं काही आहे, ही माहिती गावाला प्रथमच मिळाली.

खरेदीचा खड्डा भरून काढणं प्राप्त होतं. मासेमारीची होडी आणि आजोबांची बंदूक विकली. तळ्याकाठी लग्नाचा वाढदिवस साजरा करायचा बेत रद्द झाला. मग घरखर्चाचा बारकाईनं आढावा घेतला, तेव्हा बिस्किट नावाचा कुत्रा महिन्याला पोतंभर खातो आणि बदल्यात नुसता भुंकतो, असं निदर्शनास आलं. संरक्षणाची व्यवस्था आता अद्ययावत झाल्यामुळे त्याला लॉनीच्या शेतावर पाठवण्यात आलं. जाताना तो मागच्या काचेतून बघत होता. नडीन दोन दिवस वर्लिनशी बोलली नाही. पण ती तशी एरवीही थोडकंच बोलते, असं वर्लिननं मला समजावलं.

पाठोपाठ दारांना कुलपं बसवली. पूर्वी त्या घरातून कुणी काय नेणार होतं? इस्त्री केलेले कागद? आता गोष्ट वेगळी होती. घरात रायफल होती, आणि रायफलीचं रक्षण करणं भाग होतं. गावात कडी लागलेलं स्वयंपाकघराचं ते पहिलंच दार. मी सवयीनं कॉफी प्यायला गेलो आणि दारावर नाक आपटून परत आलो.

नेमबाजीचा सराव लॉनीच्या शेतामागच्या खाणीत झाला. पुढे ठेवलेल्या भोपळ्याला काही इजा झाली नाही. डावीकडच्या पाण्याच्या टाकीला झाली. गोळ्या महाग असल्यानं पुढचा सराव वर्लिन घरीच करू लागला: रिकामी रायफल खांद्याला लावायची आणि तोंडानं 'ठो' म्हणायचं.

"तोंडानं ठो म्हटल्यावर चोर पळणार असेल," नडीन भाजी चिरता चिरता म्हणाली, "तर मी फुकटात म्हणते. माझा आवाजपण मोठा आहे."

एवढी सगळी तयारी झाल्यावर, सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी, ज्याच्यासाठी ती केली होती तो प्रसंग आला.

नडीन चर्चमधल्या जेवणाला गेली होती. वर्लिन आरामखुर्चीत घोरत होता; त्याचं घोरणं माझ्या ओसरीपर्यंत येतं. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. त्यांची मुलगी टेसा सेंट लुईसला परिचारिकेची नोकरी करते. ती न कळवता गाडी चालवत आली, आणि चाहूल लागू नये म्हणून गाडी माझ्या कुंपणाशी लावली. स्वयंपाकघराचं दार कधी नव्हे ते बंद होतं. तिनं जरा विचार केला आणि शाळेत असताना उशिरा आल्यावर दार करकरू नये म्हणून जी वाट धरायची तीच धरली, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीची खिडकी. मला पाहून तिनं तोंडावर बोट ठेवलं. मी हात केला. तिनं आधी केकचा डबा आत सरकवला आणि मग स्वतः अर्धी आत, अर्धी बाहेर अशी लटकली.

आत वर्लिनला जाग आली. घरात कुणीतरी होतं. धुण्याच्या बादल्या पडल्याचा आवाज झाला, मग पावलं. भुंकणारं कुणी नव्हतं. (बिस्किट असता तर तिला ओळखून खिडकीतच चाटत बसला असता, आणि सगळा प्रसंग फिसकटला असता.) कुठलाही दक्ष गृहस्थ जे करेल तेच वर्लिननं केलं. तो अनवाणी झोपायच्या खोलीत धावला आणि तिजोरीची आकड्यांची बटणं दाबू लागला.

तिजोरी उघडेना. बटणांमागचा दिवाच लागेना.

तिजोरीसोबत बॅटऱ्या येत नाहीत. त्या वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि या ठिकाणी वर्लिनच्या स्वभावानं त्याची साथ सोडली नव्हती. त्यानं टीव्हीच्या रिमोटमधल्या उतरलेल्या बॅटऱ्या काढून तिजोरीत घातल्या होत्या. म्हणे, तिजोरीला कुठं रोज बातम्या लावायच्या असतात! अडीअडचणीला वापरायची जादा किल्लीही होती. ती हरवू नये म्हणून त्यानं गावातल्या सर्वांत सुरक्षित जागी, म्हणजे तिजोरीच्या आत ठेवली होती.

पावलं जवळ आली. वर्लिननं तिजोरीला बुक्क्या मारल्या, लाथ मारली, तिच्या आईचा उद्धार केला. पायाचं बोट सुजलं. दारात सावली पडली.

"डॅडी," टेसा म्हणाली, "वाढदिवसाच्या दिवशी कपाटाशी भांडतोयस?"

तिच्या हातात केक होता. तो खिडकीतून येताना एका बाजूनं चेपला होता. डावीकडून, हे वर्लिनला नंतर बराच काळ आठवत राहिलं.

तो जमिनीवरच बसला. तिला वाटलं, बोट फारच दुखावलं. ती परिचारिका; लगेच खाली बसून पाय हातात घेऊन बघायला लागली. तो मात्र बोटाकडे न बघता आळीपाळीनं तिच्याकडे आणि तिजोरीकडे बघत होता.

"डॅडी, काय झालं? अरे बोल ना."

"काही नाही. केक कसला आहे?"

"नारळाचा. आणि ऐक, मला इथल्या दवाखान्यात काम मिळालं. मी परत येतेय राहायला. हेच सांगायला आले होते. तू रडतोयस की काय?"

"बोट," वर्लिन म्हणाला. "बोट दुखतंय."

संध्याकाळी केकचा चेपलेला तुकडा घेऊन तो माझ्या ओसरीवर आला. तुकडा मला दिला, खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "एक विचारू? ती उघडली असती, तर मी आधी 'कोण आहे' म्हणून विचारलं असतं का रे?"

"विचारलं असतंस."

"लॉनीसारखं छातीठोक बोलू नकोस. खरं सांग."

मंडळाच्या बैठकीत अवघड विषय निघाला की मी जे करतो तेच केलं. केक छान झालाय म्हणालो.

सोमवारी तो हर्शेलकडे गेला. बॅटरीचा घोटाळा ऐकून हर्शेल हळहळला. असा बाका प्रसंग, आणि माल आयत्या वेळी दगा देतो, म्हणजे दुकानदाराला किती वाईट वाटत असेल! त्यानं बोटाच्या ठशावर उघडणारी तिजोरी पुढे ठेवली. "दीड सेकंद. बोट ठेवलंस की रायफल हातात."

"याहून हळू उघडणारी आहे का?"

"हळू?"

"म्हणजे तेवढ्या वेळात आलेल्या माणसाला 'डॅडी' म्हणता आलं पाहिजे."

हर्शेलनं टोपी काढून डोकं खाजवलं. इतक्या वर्षांत अशी मागणी कधी आली नव्हती. "तशी कुणी बनवत नाही, वर्लिन."

"मग माझ्याकडे आहे तीच बरी," वर्लिन म्हणाला, आणि गांडुळं न घेताच परत आला.

त्याच दिवशी तो लॉनीच्या शेतावरून बिस्किटला घेऊन आला. लॉनीनं विचारलं, आता का? वर्लिन म्हणाला, "पोतंभर खातो, पण माणसं ओळखतो." टेसाला नवी किल्ली करून दिली, पण तिची गरज पडत नाही, कारण दार आता उघडंच असतं. नडीन अधूनमधून विचारते, "तिजोरीच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या ना?" त्यावर वर्लिन म्हणतो, "स्वस्त मिळाल्या की आणतो." काटकसरीच्या नावाखाली त्यानं आजवर बऱ्याच गोष्टी टाळल्या, पण ही टाळल्याबद्दल नडीन त्याला कधी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. एकदा तर तिनं त्याला त्याच्या उकळलेल्या चोथ्याची कॉफी स्वतःहून करून दिली.

घरात कुणी शिरल्याची काहीतरी घटना झाली, एवढं तालुक्याच्या वर्तमानपत्राच्या कानावर गेलं होतं. त्यांचा वार्ताहर गाडी घेऊन माझ्याकडे आला. मी सगळं क्रमवार सांगितलं. तो पटापट लिहीत होता. तिजोरीपर्यंत आलो तेव्हा त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"आणि मग? किती जण?"

"कोणी नाही. केक कापला."

त्यानं पेनाला टोपण लावलं, लिंबू-सरबत संपवलं आणि उठला. यात बातमी नाही, असं त्यानं फार सभ्यपणे सांगितलं.

त्याला मी दोष देत नाही. वर्लिन रायफल घेऊन घरी आला तेव्हापासून तुम्हीही बार कधी उडतो याची वाट पाहत इथवर आलात. टेसा खिडकीत लटकली तेव्हा तर तुम्ही जरा भरभर वाचायला लागलात. आणि शेवटी निघाला नारळाचा केक. आपली निराशा झाली याबद्दल गावातर्फे मी दिलगिरी व्यक्त करतो. पण खचून जाऊ नये. मॉस क्रीकमध्ये अशा तिजोऱ्या आता जवळपास घरोघरी आहेत, आणि बाकी सगळ्या अगदी व्यवस्थित उघडतात.