ओटीतल्या खणांच्या पिशव्या

घरात प्लॅस्टिकची एकही पिशवी येऊ द्यायची नाही, असं अप्पारावांनी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं. ठरवणं तसं वाईट नव्हतं हो. गंगाखेडच्या त्यांच्या कचेरीत कचरा कमी करण्यावर एक प्रशिक्षण झालं होतं (चहा कागदी कपात, पोहे थर्माकोलच्या ताटलीत, पण ते असो) आणि अप्पारावांना उपदेश सर्दीसारखा लागतो. एकदा लागला की आठवडाभर घरादाराला त्रास.

कापडी पिशव्यांसाठी नवं कापड आणणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांची बायको सुनेत्राबाई त्या दिवशी लेकीच्या डोहाळजेवणाचं सांगायला चुडाव्याला विहीणबाईंकडे गेलेल्या. अप्पारावांनी सहज कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यात ब्लाऊजपिसांचा हा एवढा गठ्ठा! वर्षानुवर्षं ओटीत आलेले खण. सगळे कोरे, घडीसुद्धा न मोडलेले.

"काय ही नासाडी!" अप्पाराव एकटेच म्हणाले आणि गठ्ठा काखेत मारून कोपऱ्यावरच्या टेलरकडे निघाले.

पिशव्या झाल्या मात्र देखण्या. डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी सकाळी त्यांनी स्वतः गल्लीत दारोदार जाऊन त्या वाटल्या. सोबत छोटंसं भाषणही दिलं. बायकांनी पिशवी उलटीपालटी करून बघितली, कोणी हसलं नाही. अप्पारावांना वाटलं, विषय गंभीर आहे, मनावर घेतला बायांनी.

घरी आले तेव्हा सुनेत्राबाई कपाटासमोर उकिडव्या बसलेल्या. "अहो, माझे पीस कुठंयत? विहीणबाईची ओटी भरायचीय."

अप्पारावांनी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. सुनेत्राबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"हिरवा, जरीच्या काठाचा कोणाला दिला?"

"त्याची पिशवी ना? गीताबाईंना."

"अहो देवा! तो गीताबाईनंच माझ्या ओटीत घातलेला! आणि जांभळा?"

"रेणुकावहिनींना."

"तो रेणुकाचाच!" सुनेत्राबाईंनी कपाळावर हात मारला. "ओटीतला खण शिवायला नसतो हो, फिरवायला असतो. एकीचा आला की दुसरीला द्यायचा. जिचा तिला तेवढा जाऊ द्यायचा न्हाई. कोणाचा कोणता, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. तुमी बरोबर जिचा तिला दिलात, आणि तोही भाजीची पिशवी करून!"

आता बघा, यादी समोर ठेवून वाटल्या असत्या तरी एवढा अचूक नेम लागला नसता. अप्पाराव काही बोलणार, तोच दारात गीताबाई उभी. हातात हिरवी पिशवी.

"सुनेत्रा, माझी ओटी इतकी जड झाली का गं तुला? भाजी आणायची का आता मी त्यात?"

मागून रेणुकावहिनी आल्या, त्या अप्पारावांवर तुटून पडायला. पण हिरवी पिशवी दिसली आणि थबकल्या. "थांबा थांबा. हा खण तर मी दिल्ता गीताबाईला, चैत्रातल्या हळदीकुंकवाला!"

"म्हंजे? तुमी दिलेला मी हिला फिरवला म्हणता?"

"म्हणते म्हंजे? डोळ्यानं बघायलेय की!"

"अन् तुमी तो कोणाकडून आणला होता, ते सांगू का?"

झालं. आणखी दोघीतिघी जमल्या. कोणाचा कोणाकडून कोणाकडे गेला, याचा तिथंच पाढा वाचला जाऊ लागला. इतकी वर्षं तेच दहा-पंधरा खण गल्लीत सुखानं फिरत होते, कोणाचं काही अडलं नव्हतं. एकाही चिंधीचा कचरा न करता चाललेला हा कारभार अप्पारावांनी कचरा कमी करायचा म्हणून कात्रीखाली घातला होता.

हे त्यांच्या लक्षात आलं. ओशाळून ते म्हणाले, "जाऊ द्या ना वहिनी. कापड तसंही आखूड होतं. टेलर म्हणाला, ह्यात पोलकं कोणाचंच झालं नसतं."

 बायका एकमेकींकडे न बघता आपापल्या घरी गेल्या.

"आता चारला कोण येतंय!" सुनेत्राबाई मटकन खाली बसल्या. "पहिलटकरीण पोर आपली. विहीणबाई येऊन बघतील, तर ओटी भरायला गल्लीतली एक बाई न्हाई. जल्मभर ऐकवतील पोरीला."

आतल्या खोलीत वैदेही फुलांची वाडी घालून घेत होती. तिनं हे ऐकलं आणि रडूच लागली.  स्वतःचं हसं झालेलं अप्पारावांना चाललं असतं, त्याची सवय होती. पण लेकीच्या डोळ्यांत पाणी, तेही आजच्या दिवशी?

दुपारी ते माफी मागायला बाहेर पडले. गीताबाईंच्या दाराला कुलूप. रेणुकावहिनींच्या दाराला कुलूप. पुढच्या दाराला, त्याच्या पुढच्याही. गल्लीनं बहिष्कारच टाकला म्हणायचा! घामाघूम होऊन ते घरी परतले.

चार वाजले. विहीणबाई सतरंजीच्या मधोमध बसल्या. भोवती सगळी सतरंजी मोकळी. विहीणबाईंनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा दाराकडे.

"तुमच्याकडं शेजारपाजार कमीच दिसायलाय," त्या गोड आवाजात म्हणाल्या.

"येतील, येतील," अप्पाराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. पाटावर बसलेली वैदेही मान खाली घालून बांगड्या फिरवत होती. मग सरबत झालं. मग पुन्हा सरबत झालं. सुनेत्राबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की, अप्पारावांनी मनातल्या मनात जीव द्यायला येलदरीचं धरण गाठलं.

आणि दारात चपलांचा खडखडाट झाला. सगळी गल्ली आत आली, नटूनथटून.

"आमी आलोत ते वैदेहीसाठी," गीताबाईंनी अप्पारावांना दारातच बजावलं. "आणि आखूड कापड कोण देतं, ते आता सगळ्यांम्होरं दिसू द्या."

कुलपांचा उलगडा आता झाला. सगळ्या बाजारात गेल्या होत्या, जी ती एकटी, दुसरीला चुकवून. वैदेहीची ओटी भरली ती कोऱ्या करकरीत, भरपूर पन्ह्याच्या, भारी खणांनी. प्रत्येक खण खोक्यात, खोकं चकचकीत प्लॅस्टिकमध्ये, आणि ते सगळं दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. रेणुकावहिनींनी तर साडीच आणली. विहीणबाईंनी हात लावून लावून पोत बघितला आणि म्हणाल्या, "तुमची गल्ली लय दिलदार हाय बाई!" वैदेही हसली. अप्पारावांनी भिंतीला टेकून डोळे पुसले, खरंच पुसले.

पाहुणे गेल्यावर ते खोलीभर पसरलेलं प्लॅस्टिक गोळा करत बसले. वर्षभरात घरात आलं नसेल एवढं त्या एका संध्याकाळी आलं होतं. शेजारी सुनेत्राबाई नव्या खणांवरून हात फिरवत होत्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याकडे प्रेमानं बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "बारशाला काय कापता?"