नानांची तीन घड्यांची वाडी

पांडूनानांना रिकामी जागा बघवत नाही. एसटीत शेजारची सीट रिकामी असली तर ते तिच्यावर नारळ ठेवतात. दिवेआगरच्या त्यांच्या वाडीत दोन माडांमध्ये पोफळ आहे, दोन पोफळींमध्ये केळ, केळीच्या बुडाशी अळू आणि पोफळीवर मिरीचा वेल. वाडी अशीच करायची असते, हे मान्य. पण नाना कागदावरही वाडीच करतात.

श्रीवर्धनच्या बाजारात माझं डीटीपीचं दुकान आहे. आईबाबांच्या चळवळीच्या पत्रकांना घड्या घालत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे छापील कागदाबद्दल माझी मतं फार कडक आहेत. पत्रकात खोटं लिहायचं नाही. ‘निसर्गरम्य’ हा शब्द माझ्या दुकानात टाइप होत नाही. ज्याला हवा असेल त्याने दुसरीकडे जावं. होमस्टेवाले बरेच जण जातात.

नाना आले ते गणपती झाल्यावर. घरातल्या चार खोल्या त्यांनी होमस्टेसाठी तयार केल्या होत्या. चादरी नव्या, पंखे नवे, माणूस मात्र एकही फिरकलेला नव्हता.

“दिवाळीला चारी खोल्या भरल्या पायजेत,” नाना म्हणाले. “तीन घड्यांचं ब्रोशर काढ. न्हाय भरल्या तर परत सुपारी ठेवीन त्यांच्यात.”

मी मन लावून पान मांडलं. वर घराचा फोटो, खाली चार ओळी, भोवती मोकळी जागा. नानांनी खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावलं.

“काय गो, ही एवढी जागा ओसाड का टाकलीस?”

“नाना, डोळ्यांना आराम मिळतो त्याने.”

“आराम पायजे त्यानं डोळे मिटावे. काय तरी लाव तिथं.”

मग लागवड सुरू झाली. पहिल्या घडीत भरती-ओहोटीच्या वेळा. त्यांच्या सावलीत वालाच्या बिरड्याची कृती. कृतीच्या बुडाशी दोन बोटं जागा उरली, तिथे गाय. गाय मावेना, म्हणून मी तिचा मागचा भाग कापला.

“गाय कापतेस?” नाना ताडकन उभे राहिले. “पुरी लाव.”

पुरी लावली. दाबून दाबून ती शेळीएवढी झाली. “आता कशी शोभते,” नाना म्हणाले. अक्षरं इतकी बारीक झाली होती की मला स्वतःला वाचता येईनात. हे वाचणार कोण, असं विचारलं तर म्हणाले, “यायचंय तो चष्मा लावून वाचतो.”

खरी लढाई झाली ती खोल्यांवरून. मी लिहिलं होतं खोली एक, खोली दोन. नानांनी ते खोडायला लावलं.

“दामूची खोली. शांतूची खोली. बनीची खोली. विठूची खोली.”

“हे कोण?”

“धाकटी भावंडं माझी. तिथंच झोपायची ती.”

“नाना, गिऱ्हाईकाला वाटेल दामू आत झोपलाय!”

“झोपू दे की.”

पुढे खोल्यांचं वर्णन. दामूची खोली : उशी पातळ. शांतूची खोली : संडास जवळ. बनीची खोली : पाल मारली आहे.

“पाल मारली हे छापायचं?”

“खरंच छापायचं म्हणतेस ना? मग? ठार मारलीय.”

माझ्याच तत्त्वापुढे हरून मी पाल टाइप केली. विठूच्या खोलीपुढे त्यांनी सांगितलं, ‘घोरलेले चालेल’. तेव्हा मात्र मी भडकले. माहितीपत्रक लोकांसाठी असतं, ते समाजाशी बोलतं, घरातली गुपितं गावभर वाटायला ते नसतं, असं पाच मिनिटं सुनावलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुझं बरोबर हाय,” ते म्हणाले. “पण घोरतो तो.”

अकरा खेपांनंतर पन्नास प्रती छापल्या. नानांनी खिशातून चार पाकिटं आणि एक चिठ्ठी काढली. “पत्ते टाइप करून चिकटव.” पेण, पनवेल, डोंबिवली, पुणे. नावं दामू, शांतू, बनी, विठू.

“आणि उरलेल्या शेहेचाळीस?”

“असू देत. हरवलं म्हणाले तर परत पाठवता येतील.”

“नाना, सख्ख्या भावंडांना जाहिरात पाठवता? सरळ फोन करा ना, या म्हणून!”

“करतो की. दर सणाला करतो.” नाना पाकिटाची कड बोटाने दाबत राहिले. “वादळात छप्पर उडालं तेव्हा धावत आली होती सगळी. छप्पर झालं, आणि मग आमची ही गेली. तेव्हापासून दामू म्हणतो, वहिनी न्हाय, तुला एकट्याला त्रास कशाला. बनी पण तेच म्हणते. त्रास न्हाय, त्रास न्हाय सांगून तोंड दुखलं माझं. आता होमस्टे हाय म्हटल्यावर? पैसे देऊन ऱ्हायचं, कसला त्रास?”

मी पत्ते टाइप केले. त्या दिवशी आमचं भांडण झालं नाही.

आठवड्याने नाना पुन्हा दुकानात हजर. पाकिटाची मागची बाजू कोरीच गेली, ही त्यांची तक्रार होती. ती सांगत असतानाच त्यांचा फोन वाजला. कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावतात.

“नाना, मी दामू.”

नाना उभे राहिले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

“बोला. किती माणसं?”

“अरे, मी दामू बोलतोय!”

“व्हय, कळलं. किती माणसं?”

पलीकडे दामू हसला. “आम्ही चौघं. शांतूचं पण नक्की होतंय.”

“सगळ्यांची आधार कार्डं आणा. नियम हाय.”

“बरं मालक, आणतो. आणि चेक-आउट किती वाजता?”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचं ब्रोशर उलटसुलट केलं. भरती होती, बिरडं होतं, गाय होती. एवढ्या गर्दीत जायची वेळ कुठेच नव्हती.

“ते अजून ठरलं न्हाय,” नाना फोनवर म्हणाले. “तू ये तर आधी.”