क्षाराला हात लावू नये

दुसऱ्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांच्या बाथरूमच्या टाइल्सवर पांढरा थर चढत असल्याची पहिली नोंद सोसायटीच्या दप्तरी एका सोमवारी झाली. थर दोन वर्षं चढतच होता, पण नोंद नव्हती, म्हणजे तो नव्हताच. आता अर्ज करायचं कारण पोस्टमास्तरांची आई. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, महिन्याभरात ती घरी येणार होती, आणि त्या ओल्या, निसरड्या फरशीवर तिचा पाय सरकला असता तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

सेक्रेटरींनी अर्ज दोनदा वाचला. "हा क्षार आहे की ओल?"

"वरच्या बाथरूममधून ओल झिरपते. ती वाळली की क्षार उरतो," पोस्टमास्तर म्हणाले.

"असं मोघम चालायचं नाही. क्षार असेल तर ज्याच्या भिंतीवर त्याचा. ओल असेल तर जिथून येते त्याची. आधी पाहणी व्हायला हवी."

पाहणी समिती येणार म्हणून पोस्टमास्तरांच्या बायकोने व्हिनेगर आणि जुना टूथब्रश घेऊन भिंत लख्ख घासली. चार माणसं घरात येणार म्हणजे घर आवरायचं, एवढंच तिला ठाऊक. समितीच्या लोकांनी टाइल्समध्ये आपापली तोंडं पाहिली, 'डाग आढळून आला नाही' असा शेरा मारला आणि चहा पिऊन ते गेले. खरा प्रकार कळल्यावर पुरावा नष्ट केल्याबद्दल बायकोला लेखी समज आली. ती दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या अर्जाला अट लागली: थर किमान तळहाताएवढा हवा आणि त्याला कुणी हात लावता कामा नये. मग काय, पोस्टमास्तर क्षार जपायला लागले. रोज सकाळी पट्टीने मापायचं, पेन्सिलीने कडा आखायची, वहीत टिपायचं. ज्या दिवशी थर मिलिमीटरभर वाढे, त्या दिवशी साहेब ऑफिसात गुणगुणत जात.

तळहात भरला. समिती आली, खूश झाली, आणि पुराव्यात ढवळाढवळ नको म्हणून बाथरूमच्या दाराला सील लावून गेली. आता आंघोळीचं काय? वरच्या मजल्यावरचे वकील म्हणजे भला माणूस. "आमच्याकडे या की, घरचंच समजा," ते म्हणाले. पोस्टमास्तरांच्या घरची चार माणसं टॉवेल खांद्यावर टाकून रोज जिना चढू लागली. वरच्या फरशीवर दुप्पट पाणी पडू लागलं, खाली दुप्पट वेगाने ओल येऊ लागली. समितीने इतिवृत्तात लिहिलं, 'प्रकरणाची प्रगती समाधानकारक.' ओलीने दाराचं कागदी सील गळून पडलं, तेव्हा ते कुणी काढलं याची वेगळी चौकशी लागली आणि नवं सील आलं.

शेवटी वकिलांनीच प्लंबर आणला. त्याने वरची फरशी ठोकून पाहिली. "सांध्यांतलं सिमेंट गेलंय. तासाभरात भरून देतो. दोन दिवस फक्त पाणी टाकू नका."

"खबरदार," पोस्टमास्तर म्हणाले. "गळती थांबली की भिंत वाळेल. वाळली की उरेल तो नुसता क्षार, आणि तो माझ्यावर शेकेल. निकाल लागेपर्यंत कुणी काही दुरुस्त करायचं नाही."

प्लंबर पिशवी उचलून गेला. पोस्टमास्तरांची ही तळमळ आणि ती वही पाहून समितीने त्यांना सदस्य करून घेतलं आणि रोजच्या मोजमापापुरतं सील उघडायचा अधिकार दिला.

आई घरी आली. जिना चढणं तिला शक्यच नव्हतं. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून ती पंधरा दिवस ओल्या फडक्याने अंग पुसत राहिली.

"आई, हे बघ, बावीस सेंटिमीटर," पोस्टमास्तर वही दाखवत म्हणाले.

"मला आंघोळ करायचीय रे."

"प्रकरण अंतिम टप्प्यात आहे."

गुरुवारी ते समितीच्या बैठकीला गेले आणि आईने खुर्चीवरूनच प्लंबरला फोन लावला. वकिलांनी गुपचूप त्याला दार उघडलं आणि सांधे भरून घेतले. दोन दिवस वरचं पाणी गेलंय, असं पोस्टमास्तरांना सांगण्यात आलं. शनिवारी ते ऑफिसात गेल्यावर बायकोने सील टरकावलं, व्हिनेगर ओतलं आणि हात भरून येईपर्यंत भिंत आणि फरशी घासली. इतकी खुशीत ती वर्षभरात कधी नव्हती.

संध्याकाळी ते परतले, तर आई केस मोकळे सोडून बसलेली. "प्लंबर मीच बोलावला, भिंतही मीच घासायला लावली. दोन बादल्या गरम पाणी घेतलं. जिवाला फार बरं वाटलं बघ."

पोस्टमास्तरांनाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. ते पुसून त्यांनी ड्रॉवरमधून छापील नमुना काढला आणि 'पुरावा नष्ट करणाऱ्याशी तक्रारदाराचे नाते' या रकान्यात लिहिलं, 'आई.'

"अरे, माझ्यावर तक्रार?"

"नाइलाज आहे. घरच्यांना सूट दिली, असं उद्या कुणी म्हणायला नको."

तक्रारीला दहा साक्षीदार लागत. पोस्टमास्तर दारोदार फिरले. प्रत्येकाने दार अर्धवट उघडून "कुठे करायची?" एवढंच विचारलं आणि सही ठोकली. वकिलांनीही. कागद एकानेही वाचला नाही.

हसताय? खुशाल हसा. पण गेल्या महिन्यात तुमच्या दारावर आलेल्या कागदावर तुम्हीही सही केलीत. तो कुणाच्या आईविरुद्ध होता, सांगता येईल?