कालचा होल शोधून दाखवा!

"कालचा होल कुठे होता ते शोधून दाखवा! सापडला तर आजपासून खुरपं खाली ठेवतो!"

अशी पैज मारायला छाती लागते, आणि हेडमाळ्याला ती होती. का नसावी? खिडकीतून हात काढला तर शेजाऱ्याच्या चहात बुडेल, अशा गजबजलेल्या शहराच्या मधोमध, उंच भिंतीआड, क्लबचं खासगी गोल्फ मैदान होतं. त्यातलं अठरावं ग्रीन, म्हणजे जिथे होल आणि त्यात रोवलेला झेंडा असतो तो बारीक कापलेल्या गवताचा तुकडा, तीस वर्षं त्याच्या हाताखाली होतं. हिरवळ कसली, साय होती साय!

होल एकाच जागी ठेवला की भोवतालचं गवत मरतं. म्हणून तो रोज सकाळी नव्या जागी होल पाडायचा आणि तिथून निघालेला गवताचा गड्डा कालच्या होलात बसवायचा. तो असा बसवायचा, की गवतालासुद्धा आपण पाहुणे आहोत हे कळू नये!

बायको मात्र म्हणायची, "खड्डे पाडायचे नि बुजवायचे! ही काय नोकरी झाली?" त्यांचं घर भिंतीपलीकडच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होतं.

आता हेडमाळ्याची साठी उलटली होती. मुदतवाढ द्यायची की कंत्राटदार आणायचा, हे पैजेच्याच दिवशी ठरणार होतं. मैदान सुटणार या विचाराने आठवडाभर त्याला घास उतरत नव्हता. त्या काळजीत चष्मा घरी राहिला आणि फोन खिशात. मैदानावर फोन न्यायचा नाही, हा तर क्लबचा कडक नियम!

तो अठराव्या ग्रीनवर उकिडवा बसलेला असतानाच मॅनेजर आणि अध्यक्ष समोरून येताना दिसले. त्याने झटकन फोन कालच्या होलात लपवला. आणि ते जवळ पोचायच्या आतच ओरडून ती पैज मारली. जीभ बढाईत गुंतली आणि हात सवयीने कामाला लागले. गड्डा जरा उंच वाटला म्हणून त्याने खालची माती खरवडली, पुन्हा बसवला, वरून पाणी शिंपडलं आणि उठून साहेबांना सामोरा गेला. झकास!

मग त्याला फोन आठवला. पोटात खड्डा पडला, तो मात्र बुजवता येईना.

अध्यक्ष वाकले. मॅनेजर गुडघ्यांवर बसला. गवताला नाक लागलं तरी दोघांना काही सापडेना.

"वा मामा! हात आहेत की जादू?" अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात जमीन वाजू लागली. ट्रिंग ट्रिंग!

"हे काय?" मॅनेजर दचकला.

"रातकिडा असेल, साहेब," हेडमाळी पुटपुटला.

"सकाळी नऊ वाजता? मामा, हा फोन आहे!"

हेडमाळ्याने कबुली दिली आणि खुरपं घेऊन तो धावला. पण खणायचं कुठे? बिनचष्म्याच्या डोळ्यांना सगळं हिरवंच! स्वतःच्याच कसबापुढे त्याने हात टेकले. शेवटी तिघेही पालथे पडून जमिनीला कान लावू लागले.

फोन बायकोचा होता, चष्मा राहिला हे सांगायला. नवरा उचलेना म्हणून ती गॅलरीत आली, तर नवरा पालथा आणि दोन माणसं त्याच्याशेजारी आडवी!

"अगं बाई! यांना काहीतरी झालं! धावा!"

इमारतच्या इमारत धावली. पहारेकरी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत चाळीस माणसं फाटकातून आत आली आणि चाळीस जोडी चपला अठराव्या ग्रीनवर! हेडमाळी उठून किंचाळला, "चपला काढा हो! पाया पडतो!"

"बोलताहेत! म्हणजे धडधाकट आहेत," बायको धापा टाकत म्हणाली. "मग फोन का उचलत नाही?"

"कालच्या होलात पुरला गेलाय. सापडत नाहीये."

"कालच्या ना?" तिने एकदा आपल्या गॅलरीकडे पाहिलं, सात पावलं चालली आणि बोट दाखवलं. "इथे."

खुरपं घातलं. फोन निघाला!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडमाळ्याचा चेहरा मात्र पडला. पैज तो हरला होता. त्याने खुरपं अध्यक्षांच्या पायाशी ठेवलं.

"उचला ते," अध्यक्ष म्हणाले. "पैज आमच्याशी होती, वहिनींशी नाही. ज्याने बुजवलं त्यालाच सापडू नये, असा कारागीर कुठला कंत्राटदार देणार आहे? दोन वर्षं मुदतवाढ! आणि या चाळीस जणांचे ठसे घालवायला तेवढी लागतीलच."

हेडमाळ्याने खुरपं उचललं. घरी आल्यावर त्याने हळूच विचारलं, "म्हणजे तीस वर्षं तू रोज गॅलरीतून मला बघत होतीस?"

"तुम्हाला कोण बघतंय!" ती म्हणाली. "झेंडा बघते. तो कुठल्या बाजूला फडकतोय ते पाहिल्याशिवाय मी कपडे वाळत घालत नाही."