ताईंचं मॉडेल आणि सासऱ्यांचा टब

चूक शोधावी तर मीच! हे मी स्वतःच्याच तोंडाने सांगतोय, कारण ऑफिसात दुसरं कुणी सांगत नाही.

आमच्याकडे जमिनीची मॉडेलं तयार होतात. शोकेसमध्ये ठेवायची नव्हेत, कॉम्प्युटरमधली! पाऊस, ऊन, वारा यांचे आकडे त्यांना भरवायचे, की माती किती पाणी पिते, त्यातलं किती वाफ होऊन उडून जातं, माती किती तापते, हे सगळं ती घडाघडा सांगतात. खरं सांगतात की थापा मारतात, हे तपासणारा परीक्षक मी. खऱ्या मातीत यंत्र पुरायचं, त्याचे आकडे मॉडेलच्या आकड्यांशेजारी मांडायचे आणि गुण द्यायचे. हातचा मळ!

या खेपेची परीक्षा मात्र जिवावरची होती. दोन मॉडेलांपैकी एकच ठेवायचं, दुसरं कायमचं बंद, असं साहेबांनी जाहीर केलं होतं. एक मॉडेल ताईंचं. ताई आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ. त्या मॉडेलपायी त्यांचे काळ्याचे पांढरे झाले होते. दुसरं घाईबुवांचं. घाईबुवांना जेवणसुद्धा उभ्यानेच लागतं, त्यामुळे मॉडेलही त्यांनी तसंच उरकलं होतं. कितीही ऊन पडो, त्यांची माती आपली कायम ओलीगच्च, सर्दी झालेल्या नाकासारखी!

आणि निकाल काय लागला? ताई नापास, घाईबुवा पहिले!

घाईबुवा पांढरेफटक पडून माझ्या टेबलाशी आले. "अहो, नीट बघितलंत ना? माझं कसं काय येईल पहिलं?"

"आकडे बोलतात!" मी म्हणालो.

ताईंनी मात्र एकच वाक्य उच्चारलं. "मला तुमचं यंत्र बघायचंय."

मी उगाचच चपापलो. उगाच म्हणजे अगदीच उगाच नव्हे. ऑफिसमागच्या मोकळ्या जागेत गाड्या लावायला लागल्यापासून यंत्र माझ्या घराच्या मागच्या अंगणात होतं. चार खुंट, भोवती जाळी, मधोमध मातीत खुपसलेली सळई. साहेबांची परवानगी होती, सगळं रीतसर होतं. तरी परीक्षकाच्या घरी परीक्षक येणार म्हटल्यावर धास्ती वाटतेच. रविवारी सकाळी साहेब, ताई आणि घाईबुवा येणार असं ठरलं.

रविवारी लवकर उठलो. बैठकीची खोली आवरली, स्वतःलाही आवरलं, आणि यंत्रावर एक नजर टाकावी म्हणून मागचं दार उघडलं. बघतो तर काय! आमच्याकडे मुक्कामाला आलेले सासरेबुवा पाय शेकायचा टब दोन्ही हातांनी उचलून जाळीवरून आत रिकामा करत होते. बरोबर सळईच्या बुडाशी!

"बाबा!" मी असा किंचाळलो, की शेजारच्या खिडकीचा पडदा हलला.

"काय झालं?"

"हे... हे तुम्ही रोज ओतता?"

"आल्यापासून रोज. वाटेत ओतलं तर चिखल होतो, कुणी घसरेल. इथे जाळी आहे, कुणाचा पाय पडत नाही." आपल्या समंजसपणावर ते स्वतःच खूश दिसले.

"साधं पाणी ना?"

"छे! मूठभर मीठ असतं की. त्याशिवाय गुडघे कुठले ऐकतात?"

 आमचं यंत्र मातीतून बारीकशी वीज सोडून ओल ओळखतं, आणि मिठापुढे त्याची मतीच गुंग होते. एक टब ओतला की त्याला वाटणार, पूर आला! ताईंचं मॉडेल बिचारं ओरडून सांगत होतं की माती कोरडी आहे, आणि मी त्याला नापास करून बसलो होतो. आता ताईंची सगळी मेहनत बंद पडणार, का, तर माझ्या सासऱ्यांचे गुडघे दुखतात म्हणून!

घाबरलेला माणूस विचार करत नाही, फावडं शोधतो. मी ओली माती उपसायला लागलो. तेवढ्यात बायको बाहेर आली.

"अहो, पाहुणे यायच्या वेळी काय पुरताय?"

"पुरत नाही, उकरतोय! तुझ्या बाबांपायी माझी नोकरी जाणार आहे!"

बाबांचे गुडघे अधू असले तरी कान तल्लख! ते तडक आत गेले, आणि आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की फावडं हातातून गळून पायावर पडलं. आणि बेल वाजली!

मी लंगडत, चिखलाच्या हातांनी दार उघडलं. साहेब, ताई, घाईबुवा आत आले. तोच पलीकडून बॅग घेऊन बाबा बाहेर आले.

"कुठे निघालात?" साहेबांनी सहज विचारलं.

"जातो आपल्या घरी. जावयाला आमचं पाय शेकायचं पाणी खुपतं!"

माझ्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचला. साहेब अवघडून छताकडे बघू लागले. ताईंचे डोळे मात्र बारीक झाले.

"कुठे ओतता ते पाणी?" त्यांनी हळूच विचारलं.

बाबांनी सगळं सांगितलं. जाळी, मीठ, मूठ, सगळं! ताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, शेजारी बसून लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "मधे कधी बाहेरगावी गेला होतात का?"

"गेलो होतो ना. आठवडाभर बहिणीकडे होतो."

ताईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तो आठवडा तुमच्या तक्त्यात का नाही?"

"त्या आठवड्यात आकडे एकदम खाली आले होते," मी पुटपुटलो. "मला वाटलं, यंत्र बिघडलं. म्हणून वगळला."

ताईंनी वगळलेला आठवडा पुन्हा भरला. पडद्यावर यंत्राची रेघ आणि त्यांच्या मॉडेलची रेघ हातात हात घालून चालू लागल्या! मग बाबा आठवून टबाचा अंदाज सांगत गेले, ताईंनी तेवढं पाणी मॉडेलच्या मातीत ओतलं, तशी मॉडेलची बाकीच्या दिवसांची रेघही मुकाट्याने वर चढली. जिथे थोडी कमी पडली, तिथे ताई म्हणाल्या, "ते मीठ!" त्यांचा आवाज किंचित कापत होता. बाबांनी खिशातला रुमाल पुढे केला.

"सुटलो बुवा!" घाईबुवा उभ्याउभ्याच म्हणाले. "आठवडाभर झोप नव्हती मला!"

ताईंचं मॉडेल राहिलं. आता माझं काय, या विचाराने मी भिंतीला चिकटून उभा होतो. साहेबांनी माझ्या चिखलाच्या हातांकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "असं रोज पाणी घालून तपासायची संधी पुन्हा कुठे मिळणार? काकांना चालणार असेल, तर अजून सहा महिने हेच चालू ठेवू. फक्त आता पाणी आणि मीठ मोजून, जबाबदार माणसाने ओतायचं."

बाबांनी बॅग आत नेली. बायको हसली, पण माझ्याकडे बघून नव्हे.

तेव्हापासून रोज सकाळी सासऱ्यांच्या पायांखालचा टब मापून ओतणं हे माझ्या ऑफिसच्या कामात मोडतं. काल घाईघाईत थोडं पाणी जाळीबाहेर सांडलं. बाबा खुर्चीवरून ओरडले, "जावईबापू, नीट! शास्त्र आहे ते!"